घरची बाब?

अमेरिकन लेखक जोसेफ हॅन्सन यांचा नायक डेव्ह ब्रँडस्टेटर विम्याच्या दाव्यांमागचे मृत्यू तपासतो. तो समलिंगी आहे आणि ते लपवत नाही. १९७० साली तो पहिल्या कादंबरीत आला, तेव्हा कॅलिफोर्नियात असे संबंध हा गुन्हा होता. १९९१ च्या शेवटच्या कादंबरीत निवृत्त होऊनही तो एका खुनाच्या तपासात ओढला जातो.

मला तो आपला वाटतो. 'अपघात' या शब्दावर तो थांबत नाही. घरात काय चालले होते, ते विचारतो. 'स्टोव्हचा भडका' असे लिहून सुनांचे मृत्यू मिटवले जात, तेव्हा स्त्री-चळवळीनेही हेच विचारले. बाईचे मरण आणि समलिंगी माणसाचे जगणे, दोन्ही 'घरची बाब' म्हणून झाकली जातात. मग हे लढे वेगळे कसे?