नवी सोलर प्लेट : हजार तास म्हणजे किती दिवस?

सौर पंपाला अर्ज करावा की थोडे थांबावे, हा प्रश्न हल्ली आंदर मावळात, नाणे मावळात, पवन मावळात, जिथे जाऊ तिथे कानावर येतो. 'मागेल त्याला सौर कृषी पंप' ही योजना राज्य सरकारने २०२४ मध्ये आणली. सर्वसाधारण गटातल्या शेतकऱ्याने किमतीच्या १० टक्के आणि अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने ५ टक्के रक्कम भरायची, बाकी अनुदान. मग थांबायचे कशाला? कारण मोबाईलवर फिरणारी एक बातमी. पवईच्या आयआयटीने ३० टक्क्यांची प्लेट काढली म्हणे, मग आता जुनी कोण घेणार?

बातमी खोटी नाही. आपल्या छपरावर किंवा बांधावर बसते ती सिलिकॉनची प्लेट. तिच्यावर पडलेल्या उन्हातले साधारण २० ते २२ टक्के विजेत उतरते. पवईच्या शास्त्रज्ञांनी सिलिकॉनच्या जोडीला पेरोव्हस्काइट नावाच्या पदार्थाचा थर वापरून प्रयोगशाळेत सुमारे ३० टक्क्यांपर्यंत मजल मारली. काम मोठे आहे, आणि ते आपल्या राज्यात झाले याचा आनंदच आहे. पण त्या बातमीत एक प्रश्न कोणी विचारलेला दिसत नाही. ही प्लेट उन्हात टिकते किती?

ऐकायला विचित्र वाटेल. ऊन खाण्यासाठीच केलेली वस्तू उन्हाने कशी बिघडेल? तळेगाव, पवनानगर भागातल्या गुलाबवाल्यांना मात्र हे समजावून सांगावे लागणार नाही. पॉलीहाऊसवर २०० मायक्रॉनचा पेपर टाकतो तो उजेड आत यावा म्हणूनच. तोच उजेड त्याला कडक करतो आणि तीन-चार वर्षांनी पेपर फाटायला लागतो. त्यात भुरीसाठी गंधकाची धुरी जास्त झाली तर आणखी लवकर. सौर प्लेटचेही काहीसे तसेच आहे.

सिलिकॉन हा १४०० अंशांच्या वर वितळणारा कडक पदार्थ. त्याचे कण एकमेकांना घट्ट धरून असतात. तरीही पूर्वीच्या पद्धतीची नवी प्लेट उन्हात ठेवली की पहिल्या काही दिवसांत एक ते तीन टक्के ताकद गमावते. पुढे वर्षाला अर्धा टक्का वगैरे. म्हणूनच कंपन्या २५ वर्षांनी ८० टक्के ताकदीची हमी देऊ शकतात. पेरोव्हस्काइटचा स्फटिक मिठासारखा, शिसे आणि आयोडीन यांचा. तो द्रावणातून शंभरेक अंशांवर थर देऊन बनतो, म्हणून स्वस्त पडण्याची आशा आहे. पण जे सहज जमते ते सहज विस्कटतेही. ऊन पडले की वीज देणारे कण सुटतात आणि त्याबरोबर आयोडीनही जागा सोडून हिंडायला लागते. रंग जुळवण्यासाठी त्यात ब्रोमीन मिसळले असेल तर उजेडात आयोडीन एकीकडे आणि ब्रोमीन दुसरीकडे गोळा होते. अंधारात ठेवले की बरेचसे परत मिसळते. हे २०१५ च्या सुमारास नीट लक्षात आले.

हवा आत शिरली तर मात्र परत फिरणे नाही. उजेडात सुटलेले कण हवेतल्या ऑक्सिजनला चेतवतात, तो स्फटिकातला सेंद्रिय भाग काढून घेतो आणि काळाभोर थर पिवळा पडतो. तो पिवळा पदार्थ म्हणजे शिशाचे आयोडाइड. पाण्याचा ओलावा हेच काम आणखी जोरात करतो. लोणावळ्याला वर्षाला ४००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. ज्या पावसावर टाटांचे खोपोलीचे वीजघर १९१५ पासून चालले, तोच पाऊस या प्लेटचा वैरी.

आता शीर्षकातल्या प्रश्नाकडे येऊ. "हजार तास उजेडात टिकली" असे कोणी सांगितले तर भारी वाटते. हिशेब करून पाहा. आपल्याकडे पूर्ण कडक उन्हाचे रोजचे पाच तास धरा. हजार तास म्हणजे २०० दिवस. दिवाळीला बसवलेली प्लेट मिरगाच्या आधीच हजार तास पुरे करते, तिने पहिला पाऊसही पाहिलेला नसतो. २५ वर्षांचे तास होतात ४५ हजारांच्या वर. शिवाय प्रयोगशाळेत बहुधा सलग उजेड असतो. शेतात दिवस-रात्र, ऊन-ढग, कालव्याकाठचे दव, सगळे चालू. त्यामुळे तिथल्या तासांवरून इथली वर्षे सरळ काढता येत नाहीत.

याचा अर्थ हे सगळे हवेतले आहे असा नव्हे. जपानमध्ये २००९ मध्ये या पदार्थाचा पहिला विद्युतघट झाला तेव्हा तो जेमतेम ३.८ टक्के देत होता. सेंद्रिय भाग बदलून, सिझियम घालून, दोन काचांत कडा बंद करून तो पुष्कळ सुधारला. सप्टेंबर २०२४ मध्ये ऑक्सफर्ड पीव्ही या कंपनीने सिलिकॉनवर पेरोव्हस्काइटचा थर असलेल्या प्लेटा अमेरिकेत विक्रीलाही पाठवल्या. पण त्या कोणाच्या शेतात २५ पावसाळे उभ्या राहिलेल्या नाहीत. थांबायचेच असेल तर किती वर्षे थांबायचे, हे कोणी सांगू शकणार नाही. तोवर विहिरीतले पाणी डिझेलवरच काढावे लागेल.

तेव्हा माझे मत स्पष्ट आहे. योजनेत नाव लागत असेल तर सिलिकॉनची प्लेट घ्या. जमीन अडीच एकरापर्यंत असेल तर तीन अश्वशक्ती, पाच एकरापर्यंत पाच आणि त्यावर साडेसात असा पंप मिळतो. पाच वर्षांची दुरुस्ती पुरवठादाराकडे असते. बसवताना प्रत्येक प्लेटमागचा क्रमांक वहीत लिहून घ्या, हमीपत्र आपल्या नावावर आहे की नाही पाहा.

ग्रामपंचायतींना वेगळे सांगायचे आहे. कार्यालयाच्या छपरासाठी किंवा रस्त्याच्या दिव्यांसाठी कोटेशन येते, त्यात 'नवे उच्च तंत्रज्ञान' असा शब्द असला की सदस्य खूश होतात. पुरवठादाराकडून आयएस १४२८६ चे प्रमाणपत्र मागा. त्या चाचणीत प्लेट ८५ अंश तापमान आणि ८५ टक्के दमटपणात हजार तास ठेवतात, उजेडाची परीक्षाही असते. आणि फुटलेली प्लेट परत कोण नेणार, हे करारात लिहून घ्या. पेरोव्हस्काइटमधले शिसे पाण्यात विरघळू शकते, आणि आपल्याकडे प्लेटेखाली बहुतेक ठिकाणी भातखाचर असते.