एचओडींच्या टेबलावरचा फीडबॅक

ज्याच्या सहीवर तुमची डिग्री अडलेली आहे, त्यानेच ‘आमचं शिकवणं कसं वाटलं?’ असं विचारलं तर तुम्ही काय सांगाल? ‘उत्कृष्ट, सर.’ दुसरं काय सांगणार?

मी एमडी केलं त्या कॉलेजात फीडबॅक असाच घेतला जायचा. छापील फॉर्म, त्यावर नाव आणि बॅच, आणि भरून द्यायचा एचओडींच्या क्लार्ककडे. थिसिसवर सही याच लोकांची, लॉगबुकवर यांचीच, आणि फायनल परीक्षेला इंटर्नल एक्झामिनर म्हणून समोर बसणारेही हेच. मग इन्स्पेक्शनच्या दिवशी फाईल उघडली की सगळीकडे टिकच टिक. याला फीडबॅक म्हणत नाहीत. हा तोंड दाबून बुक्क्यांचा मार आहे, वर पोचपावतीसकट.

गंमत म्हणजे खरा फीडबॅक कधीच थांबलेला नाही. नीट पीजीचं काऊन्सेलिंग सुरू झालं की रेसिडेंट्सचे फोन रात्री उशिरापर्यंत वाजत असतात. ‘तिथलं युनिट टॉक्सिक आहे, घेऊ नकोस.’ ‘तिकडे ऑपरेशन हातात देतात, पण पहिलं वर्ष झोप विसर.’ ‘सर राऊंडला येतच नाहीत, सगळं जेआर-टूकडून शिकायचं.’ कोणता विभाग शिकवतो आणि कोणता फक्त रक्ताचे नमुने पळवायला माणसं वापरतो, हे ज्युनिअर्सना चोख माहीत असतं. ज्यांनी त्यावर काही करायला हवं, त्यांच्या कागदावर मात्र यातली एक ओळही पोचत नाही.

नियम नाहीत असं नाही. रेसिडेंटची सलग ड्युटी साधारणपणे १२ तासांहून जास्त नसावी, असं केंद्राने १९९२ साली लिहून ठेवलंय. नॅशनल मेडिकल कमिशनच्या २०२३च्या नियमांत ‘वाजवी’ तास आणि ‘वाजवी’ विश्रांती आहे. वाजवी म्हणजे किती, हे ठरवणार कोण? विभागच. २०२४मध्ये कमिशनच्या टास्क फोर्सने मानसिक आरोग्याबद्दल ऑनलाइन सर्व्हे केला. पाच हजारांहून जास्त पीजी विद्यार्थ्यांनी उत्तरं दिली, आणि आठवड्याला ७४ तासांची मर्यादा सुचवली गेली. चांगलंच झालं. पण देशाची सरासरी काढली की कुठल्याच विभागाला घाम फुटत नाही. सगळे मान हलवतात आणि आपापल्या वॉर्डात परत जातात.

ब्रिटनमध्ये जनरल मेडिकल कौन्सिल दरवर्षी सगळ्या ट्रेनी डॉक्टरांना विचारते. कौन्सिल हॉस्पिटलची मिंधी नसते. निकाल हॉस्पिटल आणि विषयानुसार सगळ्यांना बघता येतात. एखाद्या ठिकाणाहून अगदी मोजकीच उत्तरं आली, तर ते आकडे दाखवत नाहीत, म्हणजे कोण बोललं ते कळत नाही. २०१६मध्ये लंडनच्या नॉर्थ मिडलसेक्स हॉस्पिटलच्या इमर्जन्सी विभागात ज्युनिअर डॉक्टरांवर पुरेशी देखरेख नव्हती, तेव्हा ट्रेनी काढून घेण्याचा इशारा दिला गेला. तिथे स्वर्ग नाही. तिथलेही ज्युनिअर डॉक्टर २०२३मध्ये पगारासाठी संपावर उतरले. पण विचारल्यावर पुढे काहीतरी होऊ शकतं, एवढं तरी तिथे दिसतं.

आपल्याकडे लगेच ऐकू येतं, ‘आम्ही नाही का सोसलं? आजची पोरं नाजूक. शिस्तीच्या सरांना कमी मार्क देतील.’ मग मत विचारूच नका. घडलं ते विचारा. गेल्या आठवड्यात सलग किती तास उभा होतास? पहिल्यांदा सेंट्रल लाईन टाकलीस तेव्हा शेजारी सीनिअर होता का? रात्री अडलास तेव्हा कुणी फोन उचलला का? यात नाजूकपणा कुठे आला?

मागणी साधी आहे. फॉर्म कॉलेजबाहेरच्या यंत्रणेने घ्यावा, त्यावर नाव नसावं, निकाल विभागवार जाहीर व्हावेत, आणि सलग दोन वर्षं वाईट निघालेल्या विभागाच्या जागा कमी व्हाव्यात. शेवटची अट नसेल, तर आधीच्या तिन्ही निव्वळ कागद वाढवतील.

तुम्ही डॉक्टर नसाल तरी हा तुमचाच प्रश्न आहे. मध्यरात्री सरकारी हॉस्पिटलात तुमच्या आईला आधी तपासणारा बहुतेक वेळा रेसिडेंटच असतो. त्याला कुणी शिकवलंय का, आणि तो कधीपासून जागा आहे, हे कुणीतरी आधीच विचारून ठेवलेलं असायला हवं.