धरणांचे पाणी, मिठागरे आणि पाहुणे पक्षी

हिवाळ्यातील एखाद्या सकाळी बाभूळगाव तालुक्यातील बेंबळा प्रकल्पाच्या काठी जो उभा राहील, त्याच्या मनात एक विचार आल्यावाचून राहणार नाही. हे पाणी निसर्गाने साठविलेले नव्हे. कोरडवाहू शेतीला सिंचन लाभावे म्हणून मनुष्याने ते अडविले, आणि त्यापायी अनेक कुटुंबांना आपली घरेदारे सोडावी लागली. परंतु हिमालय ओलांडून विदर्भाच्या जलाशयांवर उतरणारा पट्टकादंब किंवा चक्रवाक हे पाणी कोणी व कशासाठी अडविले याची विचारपूस करीत नाही. उथळ पाणी, ओला गाळ आणि थोडी निवांत जागा मिळाली की त्याचे भागते. अरुणावती, पूस, इसापूर या आमच्या परिसरातील धरणांकडेही तो याच दृष्टीने पाहतो.

पाखरांना जो भेद कळत नाही तो आमच्या कायद्याला मात्र फार महत्त्वाचा वाटतो. पाणथळ जागांसंबंधीच्या २०१० च्या नियमांत जलाशय, तलाव व मानवनिर्मित पाणथळ जागा यांचा स्पष्ट समावेश होता. २०१७ च्या नियमांनी पिण्याचे पाणी, सिंचन, मत्स्यपालन आणि मीठ-उत्पादन यांसाठी मुद्दाम बांधलेल्या जागा व्याख्येतून वगळल्या. म्हणजे यवतमाळचे धरण आणि मुंबईचे मिठागर ही दोन्ही एका लेखणीच्या फटकाऱ्यासरशी उघड्यावर पडली.

समुद्रापासून शेकडो मैल दूर राहणाऱ्या आमच्या वाचकांनी मिठागराची चिंता का वाहावी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की, मनुष्याने बदललेल्या भूमीत पक्षी कसे तगतात व कसे हरतात याचा सर्वांत बोलका धडा ठाण्याच्या खाडीने दिला आहे. भराव, कारखाने आणि महानगराचे सांडपाणी यांनी ती खाडी पार बदलून गेली. तरीही गेल्या काही दशकांत तेथे रोहित पक्ष्यांचे थवेच्या थवे येऊ लागले. सांडपाण्यामुळे वाढलेले शेवाळ हेच त्यांचे खाद्य ठरले, असे अभ्यासक मानतात. २०१५ मध्ये तेथे अभयारण्य झाले आणि २०२२ मध्ये रामसर यादीत त्या खाडीचे नाव गेले.

यावरून प्रदूषण पक्ष्यांना मानवते असा निष्कर्ष काढणे हे मात्र भ्रामक होईल. एका जातीची संख्या वाढणे म्हणजे विविधता वाढणे नव्हे; गढूळ पाण्यात एकाचे फावते तेव्हा दुसऱ्या दहांची उपासमार होत असते. शिवाय पक्ष्याला दोन जागा लागतात. ओहोटीला तो खाडीच्या चिखलात चरतो. भरतीने तो चिखल बुडाला की त्याला टेकावयास मिठागरे, उरणचे पाणजे, नेरूळचा तलाव यांसारखी उथळ ठिकाणे हवी असतात. नेरूळच्या तलावात भरतीचे पाणी येण्याच्या वाटा बुजल्या आणि २०२४ साली तो कोरडा पडला. त्याच उन्हाळ्यात त्या परिसरात रोहित पक्षी मरून पडलेले आढळले. त्याच वर्षी मुंबईतील सुमारे २५६ एकर मिठागरांची जमीन धारावीच्या पुनर्वसनासाठी देण्याचे ठरले. ताट राखावयाचे आणि पाट काढून घ्यावयाचा, असाच हा प्रकार नव्हे काय?

सरकारची विसंगती येथेच थांबत नाही. महाराष्ट्राला रामसर यादीत पहिले स्थान मिळवून देणारे नांदूर-मध्यमेश्वर हे गोदावरीवरील बंधाऱ्याने निर्माण झालेले पाणी होय. १९७१ च्या रामसर करारातील व्याख्याही नैसर्गिक आणि कृत्रिम असा भेद करीत नाही. जगापुढे ज्याचा गौरव मिरवावयाचा, त्याच्याच भावंडांना घरी ओळख द्यावयाची नाही, हे न्यायाला धरून नाही.

धरणाच्या पाण्यावर पहिला हक्क शेतकऱ्याचा आणि तहानलेल्या गावाचा आहे, याविषयी आमच्या मनात यत्किंचितही संदेह नाही. उन्हाळ्यात गाळपेर करणारा कष्टकरी अथवा जाळे टाकणारा भोई यांना पाखरांचे शत्रू ठरविणे हे तर शुद्ध पाप ठरेल. सरसकट अभयारण्ये करा, असेही आमचे म्हणणे नाही. मागणी माफक आहे. जिल्ह्यातील प्रत्येक मोठ्या जलाशयाचा एखादा उथळ कोपरा निश्चित करावा आणि कार्तिकापासून फाल्गुनापर्यंत तेथे उत्खनन व यंत्रांचा गोंगाट होऊ देऊ नये. २०१७ पासून चाललेल्या गाळमुक्त धरण योजनेत गाळ अवश्य काढावा, पण काठ उभे कापू नयेत. उतरता काठ गेला की चिखलात चरणारा पक्षी गेलाच. स्थानिकांशी सल्लामसलत करून सरकारी जमिनीवर संवर्धन राखीव क्षेत्र करण्याची तरतूद वन्यजीव कायद्यात आहेच. आणि २०१७ च्या नियमांतील ती वगळणूक दुरुस्त व्हावी, यासाठी विदर्भाच्या व कोकणच्या लोकप्रतिनिधींनी एकमुखाने आग्रह धरावा.

नैसर्गिक तळी आणि दलदली आपण बुजवीत आलो; उरले ते बहुतांशी आपल्याच हातांनी घडविलेले पाणी. मनुष्याने केले म्हणून ते पाखरांचे नव्हे, असे म्हणावयाचे ठरविले, तर त्यांनी उतरावे तरी कोठे, याचे उत्तरही आपणांसच द्यावे लागेल.