तपासणीच्या टेबलावरचा माणूस

कारखान्यात कृत्रिम बुद्धिमत्ता आणावी असे म्हणणाऱ्यांचा एक युक्तिवाद ठरलेला असतो: माणूस थकतो, यंत्र थकत नाही, म्हणून तपासणीच्या टेबलावरचा माणूस हलवावा आणि तिथे कॅमेरा बसवावा. यातला पूर्वार्ध खरा आहे. पाळीच्या शेवटच्या तासाला डोळा चुकतो, हे कोणताही सुपरवायझर सांगेल. 'म्हणून'च्या पुढचे मात्र टिकत नाही.

कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांतले काम पाहावे. कास्टिंगवरचे ब्लोहोल, चिकटलेली वाळू, कोल्ड शट हे दोष कॅमेऱ्याला ओळखता येतात, पण ते त्याला आधी शिकवावे लागतात. शेकडो-हजारो छायाचित्रांवर 'हे रिजेक्ट', 'हे चालेल' असा शेरा कोणीतरी मारायचा असतो. ती पारख ज्याच्याकडे आहे, नेमका त्यालाच काढण्याचा हा बेत! शिवाय चांगल्या फाउंड्रीत सदोष नग मुळातच थोडे, म्हणजे शिकवायला नमुने अपुरे. पुढे नवा पॅटर्न आला, वाळूचा पोत बदलला, एवढेच काय, वरचा दिवा बदलला, तरी कालपर्यंत अचूक चालणारी प्रणाली चांगले नग बाजूला टाकू लागते. आणि आपले चुकते आहे, हे तिला कळत नाही. आतल्या पोकळीचा तर प्रश्नच वेगळा. ती साध्या कॅमेऱ्याला दिसतच नाही. तिथे एक्स-रे किंवा अल्ट्रासॉनिक चाचणीच लागते.

मोठ्या भांडवलानेही ही अडचण सुटत नाही. मॉडेल ३ या मोटारीचे उत्पादन रखडल्यावर टेस्लाच्या इलॉन मस्क यांनी २०१८ मध्ये अतिस्वयंचलन ही आपली चूक असल्याचे जाहीर कबूल केले.

यावरून 'हे तंत्रज्ञानच नको' असा निष्कर्ष काढणारेही चुकतात. जपानी संशोधक साकिची टोयोदा यांचा १९२४ चा स्वयंचलित माग धागा तुटताच आपोआप थांबे. एका कामगाराकडे अनेक माग आले, हे नाकारता येत नाही. पण तुटलेला धागा सांधायला माणूसच येई. कृत्रिम बुद्धिमत्तेची जागाही तीच आहे. बेअरिंगचे कंपन रात्रंदिवस टिपणे, संशयित नग वेगळे काढणे हे तिचे काम. निकाल तपासनिसाने द्यावा आणि त्याच निकालांवर प्रणाली वेळोवेळी पुन्हा शिकवावी. ज्या प्रस्तावात कॅमेऱ्याची किंमत आहे, पण तपासनिसाच्या या वेळेची तरतूद नाही, तो कारखानदाराने परत पाठवावा.