चिठ्ठी तुटलेले आवाज

मध्यरात्री आमराईत रडणारी बाई या सदराच्या वाचकांना अपरिचित नाही. गेल्या कार्तिकात टिटवीवरून जो गदारोळ उठला आणि एका विद्वान गृहस्थांनी पत्रातून माझी गणना पाखंड्यांत करून टाकली, त्यानंतर रात्रीच्या आवाजांचा हा विषय काही काळ दप्तरबंद ठेवावा असा माझा मनोदय होता. परंतु या आठवड्यात त्या रडण्याची म्हणून एकच ध्वनिफीत निरनिराळ्या दिशांनी माझ्या फोनवर येऊन आदळली, पहिल्या खेपेस भाट्याच्या खाडीपलीकडल्या एका वाडीच्या नावाने, दुसऱ्या खेपेस संगमेश्वराकडच्या कुठल्याशा देवराईच्या नावाने, आणि तिसऱ्या खेपेस तर ‘आपल्या थिबा राजवाड्यामागे, काल रात्री’ अशा खातरीच्या मजकुरासह, तेव्हा गप्प बसणे मला अशक्य झाले.

फीत जेमतेम अर्ध्या मिनिटाची. तीत एक कापरा स्वर चढत जातो आणि टोकाला पोहोचण्यापूर्वीच तुटतो; मग एक पुरुष दबल्या आवाजात ‘ऐकलंस? ऐकलंस?’ असे कोणाला तरी विचारतो, कुत्रे भुंकते आणि सगळे संपते. शेजारच्या महाविद्यालयीन चिरंजीवांनी ती आपल्या फोनमधल्या पक्षी ओळखणाऱ्या अ‍ॅपला ऐकवली, तेव्हा त्याने एका घुबडाचे नाव दिले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हौसेने पुन्हा ऐकवली, तेव्हा त्याच आत्मविश्वासाने दुसऱ्याच घुबडाचे दिले. ‘‘काका, आता यातलं खरं कुठलं?’’ असे त्याने मला विचारले. मी म्हटले, ‘‘घुबडाचं मागाहून बघू. आधी मला सांग, पाठीमागे हे बेडूक का ओरडतायत?’’ त्याने फीत कानाशी धरली आणि त्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला. कारण त्या रुदनाच्या मागे, इतका वेळ कोणीही ज्यांची दखल घेतली नव्हती असे, भाताच्या खाचरातले मोठे बेडूक एका सुरात डरावत होते. सध्या माघ चालू आहे. कलमांना मोहोर आहे, सडे वाळून पिवळे पडले आहेत, विहिरींचे पाणी उतरू लागले आहे, आणि हे बेडूक मृगाच्या पहिल्या दणक्याखेरीज असे कंठ फोडीत नाहीत हे कोकणात जन्मलेल्या पोराला शिकवावे लागू नये. तेव्हा ‘काल रात्री’ हा त्या फिर्यादीतला पहिलाच तपशील खोटा ठरला. आणि पहिला तपशील खोटा ठरल्यावर उरलेल्या जबानीवर इतबार किती ठेवायचा, हे कोणत्याही फौजदाराला विचारावे.

त्या अ‍ॅपवर माझा राग नाही, हे येथे स्पष्ट करणे न्यायाचे होईल. आवाजाच्या आकृतीशी आकृती ताडून पाहण्याचे काम तो माझ्या-तुमच्या कानांपेक्षा पुष्कळ वेगाने करतो, आणि आपण जेथे उभे आहोत तो मुलूख कोणता व महिना कोणता हेही तो फोनकडून जाणून घेऊन त्या मुलखात त्या ऋतूत असंभवनीय असलेले पक्षी बाजूला सारतो. म्हणजे स्थळ आणि काळ यांची महती त्या यंत्राला कळते. कळत नाही ती आपल्याला. कारण परक्याची फीत आपल्या अंगणात वाजवली की ते बिचारे यंत्र आपले अंगण हेच घटनास्थळ आणि आजचा दिवस हीच घटनेची तारीख असे गृहीत धरून इमानेइतबारे चुकीचा निवाडा देते, आणि आपण तो निवाडा पुढच्या दहा जणांना पाठवून मोकळे होतो.

हा प्रकार पाहून मला प्रकर्षाने आठवण झाली ती रानपिंगळ्याच्या खटल्याची. कोणी म्हणेल, सातपुड्यातल्या पक्ष्याचा रत्नागिरीशी काय संबंध? संबंध पक्ष्याचा नाही, पुराव्याचा आहे. रानपिंगळा हे आपल्या नेहमीच्या पिंगळ्यासारखेच दिसणारे, किंचित थोराड आणि डोक्यावर ठिपके जवळजवळ नसलेले घुबड. ज्या ह्यूमसाहेबांनी पुढे काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेतला, त्यांनीच १८७३ साली त्याचे शास्त्रीय वर्णन केले. १८७२ ते १८८४ या बारा वर्षांत त्याचे अवघे सात नमुने जमा झाले, त्यांतले काही जेम्स डेव्हिडसन या मुलकी अधिकाऱ्याने आपल्या खानदेशात मिळवलेले. आणि त्यानंतर हा पक्षी जो नाहीसा झाला तो शंभर वर्षांहून अधिक काळ कोणाच्याच खात्रीलायक दृष्टीस पडला नाही. अपवाद एकच सांगितला जाई. कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहॅगन या मातबर पक्षिविद्यातज्ज्ञाने १९१४ साली गुजरातेतल्या मांडवीस हा पक्षी आपण मारल्याचे नमूद केले होते, आणि पेंढा भरलेले कातडे, पायाला बांधलेली चिठ्ठी, चिठ्ठीवर तारीख नि गाव असा सगळा कागदोपत्री बंदोबस्त चोख होता. त्या चिठ्ठीवर जगाने विश्वास ठेवला. सालिम अली आणि डिलन रिप्ले यांच्यासारख्यांनीही या पक्ष्याचा शोध घेतला आणि त्यांना हात हलवीत परत यावे लागले. मधल्या काळात रानपिंगळा म्हणून छायाचित्रेही प्रसिद्ध झाली आणि मागाहून ती साध्या पिंगळ्याची निघाली.

मग पामेला रासमुसेन या अमेरिकन विदुषीने संग्रहालयातली कातडी एकेक करून तपासली तेव्हा जे निष्पन्न झाले ते एखाद्या दिवाणी दाव्यातल्या बनावट खतासारखे आहे. कर्नलसाहेबांचा तो नमुना मुळात डेव्हिडसनचा होता. संग्रहालयातून तो उचलून, त्यातला पेंढा काढून, नव्याने भरून, नव्याने शिवून, जुनी चिठ्ठी तोडून नवी बांधण्यात आली होती. पण डेव्हिडसनच्या हाताची ठेवण आत कोठेतरी शिल्लक राहिली आणि तिने साक्ष दिली. रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी १९९९ साली हे सारे प्रसिद्ध केले. त्याआधीच, नोव्हेंबर १९९७ मध्ये, मांडवीचे नाव यादीतून खोडून, खऱ्या चिठ्ठ्यांवरच्या गावांची वाट धरून रासमुसेन, बेन किंग आणि त्यांचे सोबती तेव्हाच्या धुळे आणि आताच्या नंदुरबार जिल्ह्यात शहाद्याजवळ पोहोचले, आणि भर सकाळी एका उघड्या झाडावर रानपिंगळा बसलेला त्यांना दिसला. भर सकाळी, हे लक्षात घ्यावे; कारण हे घुबड दिवसाही चांगले जागे असते.

मला यातली खरी मौज पुढेच वाटते. सव्वाशे वर्षे पक्षिविद्येच्या दप्तरात या पक्ष्याचे कातडे होते, मापे होती, लॅटिन नाव होते. नव्हता फक्त आवाज. तो कसा बोलतो हे १९९७ पर्यंत कोणालाही ठाऊक नव्हते. रासमुसेन आणि आपल्या फराह इश्तियाक यांनी त्याच्या स्वरांचे वर्णन १९९९ मध्ये छापले, आणि तेव्हापासून जंगलात फिरणाऱ्या माणसाजवळ रुजवात घालण्याचे एक नवे साधन आले. पुढे मेळघाटात हा पक्षी मिळाला, आणि २०१४ साली तर मुंबईकरांना पाणी पाजणाऱ्या तानसाच्या अभयारण्यात त्याची नोंद झाली. कातडे चोरता येते, चिठ्ठी बदलता येते. पण आवाज ज्या झाडावरून ज्या घटकेला निघाला त्या झाडापासून नि त्या घटकेपासून तो तोडता येत नाही, असा एक भाबडा दिलासा मला तेव्हा वाटला होता. आता प्रत्येकाच्या खिशात आवाज कोंडून ठेवणारी डबी आल्यावर तो दिलासाही गेला. ज्या कामाला त्या कर्नलाला सुई, दोरा, पेंढा आणि अंधारी खोली लागली, ते काम आमची मंडळी अंगठ्याने करतात, आणि तेही कोणत्याही दुष्ट हेतूवाचून.

वास्तविक या बाबतीत आमचे पूर्वज आमच्याहून काटेकोर होते. वराहमिहिराची बृहत्संहिता काढून पाहा. पक्ष्याच्या ओरडण्यावरून भविष्य सांगण्याचा तो खटाटोप मी मानीत नाही, हे जुन्या वाचकांना सांगणे नको. पण पक्षी कोणत्या दिशेला बोलला, कोणत्या वेळी बोलला, कशावर बसून बोलला, हे विचारल्यावाचून ते शास्त्र फळ सांगायला तयार नाही. पहाटे कुडमुडे वाजवीत दारात येणारा आणि पिंगळ्याची बोली आपल्याला कळते असे सांगणारा तो पिंगळा जोशीसुद्धा दारापर्यंत चालत तरी येई. अंधश्रद्धेलाही ज्या शिस्तीची लाज होती, ती शिस्त आम्ही सुधारलेल्यांनी सोडावी, याला काय म्हणावे?

आणि ही शिस्त कोकणात तर विशेष फलदायी आहे, कारण येथे जागेवरूनच अर्धा निकाल लागतो. उघड्या कातळाच्या सड्यावर चांदण्यात ‘पिक् पिक् पिक्’ करीत चढत जाणारा आवाज आला तर तो करवानकाचा. शेजारी फरशीवर गोटी टाकावी आणि ती उड्या मारीत मारीत थांबावी तशी अखेरीस आखूड होत जाणारी चुकचुक आली तर तो रातवा. त्यांपैकी कोणीही घुबड नाही आणि कोणीही बाई नाही. काजळी नदीच्या काठच्या दाट झाडीत मडक्यातून आल्यासारखा जो खोल हुंकार ऐकू येतो तो मासे-खेकडे खाणाऱ्या हुमा घुबडाचा, आणि तो सड्यावर ऐकल्याचे कोणी सांगू लागला तर मी त्याला पहिल्यांदा तो कुठे उभा होता हे विचारीन. कापरे, उसासल्यासारखे ओरडणारे ते मोठे वनघुबड जुन्या आमराया आणि गर्द देवराया धरून असते. केरळात त्याला काळाचा कोंबडा म्हणतात आणि त्याच्या ओरडण्यावर मृत्यूची तारीख लावतात. फितीतला स्वर त्याचा असणे शक्य आहे. पण ज्या फितीला गाव नाही तिला मी पक्षी देणार नाही.

सर्वांत हाल होतात ते गव्हाणी घुबडाचे. कौलारू घराच्या माळ्यावर त्याची पिल्ले भुकेने रात्रभर फुसफुसतात. तो आवाज इतका दमदार आणि इतका सलग असतो की घरमालक नाग निघाला म्हणून सर्पमित्राला बोलावतो, सर्पमित्र विजेरी घेऊन शिडीवर चढतो, आणि अडगळीच्या पेटीमागे हृदयाकृती पांढऱ्या तोंडाची, वयाने एकेका पायरीने लहान होत गेलेली पोरे ओळीने मान डोलावीत बसलेली असतात. खाली त्यांनी ओकून टाकलेल्या काळसर गोळ्यांचा खच असतो. एखादी गोळी कोमट पाण्यात भिजवून काडीने उलगडली तर उंदरांच्या कवट्या दातांसकट बाहेर येतात. ज्या घरातले उंदीर हे कुटुंब फुकट खात असते, त्याच घरात मग त्याला धुरी दिली जाते; आणि देणारा गृहस्थ दिवाळीत लक्ष्मीच्या वाहनासकट तसबीर पुजतो. दगड मात्र मारीत नाहीत, कारण घुबड तो दगड झिजवते आणि तसतसा मारणारा झिजतो अशी समजूत आहे. या एका समजुतीवर मी आजवर कधीही टीका केलेली नाही आणि करणारही नाही.

राहिला आमच्या नाक्यावरचा हायमास्ट दिवा. वाचक हसतील, पण त्याच्याविषयी न लिहिता हा लेख पुरा होणे शक्य नाही. तो उभा राहिल्यापासून वडाच्या ढोलीतली पिंगळ्यांची जोडी बोलेनाशी झाली आहे. पुरावा काय म्हणाल, तर पूर्वी ऐकू येत असे आणि आता येत नाही, एवढाच. पिंगळे दिव्याखालचे किडे टिपतात, त्यांना उजेडाचे वावडे नाही, असे जाणकार मला सुनावतील. टिपत असतील, दुसऱ्या गावचे असतील. आमच्या नाक्यावर तो दिवा रात्रभर एका बंद टपरीवर आणि निजलेल्या चार कुत्र्यांवर उजेड पाडतो, आणि त्यासाठी कोणा लोकप्रतिनिधीच्या नावाची पाटी खाली लावलेली आहे, यापलीकडे त्याचे प्रयोजन मला तरी उमगलेले नाही.

ऐकण्याची रीत शिकायची असेल तर हापूसच्या बागेतल्या राखणदाराकडे जावे. आमच्या परिसरातल्या बऱ्याच बागांतून हे काम नेपाळी मंडळी करतात. पक्ष्यांची नावे त्यांच्यातल्या पुष्कळांना येत नाहीत, येण्याचे कारणही नाही. परंतु मोहोरापासून काढणीपर्यंत एकाच मांगरात झोपणाऱ्या अशा एका राखणदाराने मला सांगितले की वरच्या कोपऱ्यातल्या आंब्यावर जे बोलते ते जेवण झाल्यावर एकदा आणि कोंबड्याच्या आधी एकदा बोलते. मध्ये बोलले तर उठावे लागते, कारण मग झाडाखाली कांडेचोर तरी असतो नाही तर माणूस. नाव सोडून सगळे त्याला ठाऊक होते. आमच्या फितीत नाव सोडून काहीच नव्हते, आणि तेही दोन दिवसांत दोन.

तेव्हा वाचकांना विनंती अशी की फिती अवश्य पाठवाव्या, परंतु ज्याने स्वतः ऐकले त्यानेच पाठवाव्या, आणि सोबत गाव, वाडी, जवळचे झाड किंवा कातळ किंवा पाणी, तिथी किंवा तारीख, आणि रात्रीचे किती वाजले होते हे स्वहस्ते लिहावे. असा तपशील असलेल्या प्रत्येक पत्राला या सदरातून उत्तर मिळेल. बाकीची पत्रे दाखल करून घेतली जाणार नाहीत.

— निशाचर, रत्नागिरी