नाव तेच, पण पाहिलं काय?

मागच्या महिन्यात माझी आठ वर्षांची लेक इथल्या, म्हणजे रेडिंगच्या लायब्ररीतून 'बीनो'चा जाडजूड वार्षिक अंक घेऊन आली. मुखपृष्ठावर डेनिस द मेनेस. मला एकदम भरून आलं. लहानपणी सांगलीत बाबांच्या इंग्रजी पेपरात मी रोज पहिल्यांदा तोच शोधायचो. म्हटलं, "अरे वा! शेजारचे मिस्टर विल्सन आहेत का यात?" तिने माझ्याकडे अशी नजर टाकली, की बाबाला आता काहीच कळेनासं झालंय. "कोण विल्सन?"

अंक हातात घेतला तर खरंच विल्सन नाहीत. सोनेरी केसांचा, डांगरी घातलेला माझा डेनिसही नाही. हा काळ्या पिंजारलेल्या केसांचा, लाल-काळ्या पट्ट्यांचा स्वेटर घालणारा दुसराच कार्टा, आणि त्याचं कुत्रंही त्याच्यासारखंच पिंजारलेलं. माझा डेनिस अमेरिकन, हँक केचमचा. हिचा ब्रिटिश, डेव्हिड लॉने काढलेला. गंमत म्हणजे दोघंही १२ मार्च १९५१ या एकाच दिवशी वाचकांच्या हातात पडले. एक अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांत, दुसरा इथल्या 'बीनो'त. कुणी कुणाचं चोरलं नव्हतं, निव्वळ योगायोग. पुढे १९९३ मध्ये अमेरिकन डेनिसवर सिनेमा आला, तेव्हा ब्रिटनमध्ये त्याचं नाव नुसतं 'डेनिस' ठेवावं लागलं.

नावांच्या बाबतीत ही मंडळी फार जागरूक. २०१२ चा मार्व्हलचा 'द अव्हेंजर्स' इथे 'अव्हेंजर्स असेंबल' नावाने लागला, कारण ब्रिटिश माणसाच्या डोक्यात 'द अव्हेंजर्स' म्हणजे १९६१ साली सुरू झालेली टीव्ही मालिका. माझ्या ऑफिसातले साठीचे एक सहकारी अजूनही तो शब्द ऐकला की बोलर हॅट आणि छत्रीवाल्या जॉन स्टीडबद्दलच बोलायला लागतात. 'कॅप्टन मार्व्हल'वरून तर दोन कंपन्यांचं असं काही झालं, की १९४० पासून ते नाव लावणाऱ्या मूळ नायकालाच १९७३ मध्ये 'शझाम!' नावाच्या मासिकातून परत यावं लागलं. यामागे पैसा आहे, ट्रेडमार्क आहे, हे उघड आहे. पण त्या निमित्ताने का होईना, तुम्ही नेमकं काय पाहायला चालला आहात हे दारातच कळतं.

आपल्याकडे उलटं आहे. आपण जुनं नाव मुद्दाम आणि अभिमानाने घेतो. त्यात वावगं काहीच नाही. १९९१ मध्ये 'सकाळ'मध्ये सुरू झालेला चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकरांचा 'चिंटू' २०१२ मध्ये सिनेमात आला, तर त्याचं नाव 'चिंटू' सोडून दुसरं काय ठेवणार? (तरी कागदावरच्या चिंटूला खरा आवाज फुटलेला ऐकून मी जरा हिरमुसलो होतो. माझ्या डोक्यातला आवाज वेगळा होता.) चित्रकथेचं एक बरं असतं, कात्रणं उरतात. नाटकाचं तसं नाही. नाटकाचं नाव सिनेमाने घेतलं, की काही वर्षांनी त्या नावाचा सिनेमाच तेवढा उरतो. निदान आमच्यासारख्या बाहेर राहणाऱ्यांसाठी तरी उरतो, कारण आमची मराठी बरीचशी सर्चच्या चौकोनातून येते. तिथे नाव टाकलं की जे नवं, जे विकाऊ, ते वर. सर्च लिहिणाऱ्यांपैकीच मी एक, त्यामुळे दोष कुणाला देणार?

गेल्या वर्षीच्या गणपतीत आमच्या मंडळात एका कॉलेजकुमाराने 'नटसम्राट'मधलं बेलवलकरांचं स्वगत म्हटलं. इथे जन्मलेला मुलगा, पण उच्चार स्वच्छ, पाठांतर चोख. टाळ्याही कडाडून पडल्या. नंतर चहाच्या वेळी तीन-चार जणांनी त्याची पाठ थोपटली ती "नानाचा डायलॉग काय म्हटलास रे!" असं म्हणून. माझे बाबा तेव्हा आमच्याकडे आले होते. ते हातात कप घेऊन नुसते बघत राहिले. घरी येताना गाडीत एवढंच म्हणाले, "शिरवाडकरांचं नाव एकानेही घेतलं नाही रे."

मला ते लागलं, कारण मीही घेतलं नव्हतं. नाटक १९७० चं. डॉ. लागूंनी आधी बेलवलकर केले, मग दत्ता भट, सतीश दुभाषी अशा दिग्गजांनी केले. सिनेमा २०१६ चा. नाना पाटेकरांचं काम मला आवडलं होतं, आजही आवडतं. पण ते शब्द नानाचे नव्हेत, आणि ते फक्त नानाच्या तोंडून आलेले नाहीत, हे त्या मुलाला कुणी सांगायला हवं होतं की नाही?

आता मूळ भांडणाकडे येतो. यंदाच्या दिवाळीसाठी आमच्या मंडळाची बैठक झाली. एका ताईंनी सुचवलं, 'कट्यार काळजात घुसली'चे निवडक प्रवेश आपणच करू, गाणारे तिघे-चौघे आहेत. लगेच दुसरीकडून आलं, "कशाला एवढा खटाटोप? कट्यार सगळ्यांनी पाहिलंय. हवं तर मोठ्या पडद्यावर लावू." हे बोलणारा मीच होतो. हॉलचं भाडं, तालमींना येण्या-जाण्याचा वेळ, माइक भाड्याने, हा सगळा हिशेब मी तिथल्या तिथे मांडला.

रात्री व्हिडिओ कॉलवर बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "तू कुठं पाहिलंयस कट्यार? तू सिनेमा पाहिलास." मी म्हटलं, गोष्ट तीच, गाणी तीच. त्यावर ते जे बोलले ते मी जमेल तसं लिहितो. सत्तरच्या दशकात, कॉलेजात असताना, त्यांनी वसंतराव देशपांड्यांचे खाँसाहेब पाहिले. दरव्हेकरांचं नाटक, अभिषेकीबुवांचं संगीत. बाबांनी ज्या रात्री पाहिलं त्या रात्री एक पद इतकं रंगलं, की वन्समोअर घेऊनही लोक थांबेनात. पुढच्या खेपेला त्यांचा मित्र जाऊन आला, तर त्याला भलतंच पद डोक्यात घेऊन आलेलं. "एकाच नाटकाला गेलो होतो आम्ही, आणि दोघांनी दोन नाटकं पाहिली," बाबा म्हणाले.

२०१५ चा सिनेमा मी तीनदा पाहिलाय, तिन्ही वेळा तान त्याच जागी तशीच आली. हा सिनेमाचा दोष नाही, तो त्याचा धर्म आहे. त्या सिनेमाचे उपकारही मी मानतो. नाट्यसंगीत म्हणजे आजोबांचा रेडिओ, असं समजणाऱ्या माझ्या पिढीला अभिषेकीबुवांची पदं त्याने ऐकवली. शंकर-एहसान-लॉय यांची नवी गाणी त्यात आली, तीही गोड आहेत. आणि हे काम करणारे लोक नाटक विसरलेले नव्हते. सुबोध भावे, राहुल देशपांडे यांनी सिनेमाच्या आधी ते नाटकच पुन्हा रंगमंचावर आणलं होतं. विसरलो ते आपण, पाहणारे.

'शांतता! कोर्ट चालू आहे'चं उदाहरण तर आणखी बोलकं. १९६७ च्या नाटकातल्या बेणारेबाई सुलभा देशपांडे, १९७१ च्या सिनेमातही त्याच. नाव तेच, तेंडुलकर तेच, चेहरासुद्धा तोच. तरी फरक उरतोच. नाटक एका हॉलमध्ये घडतं, आणि आपणही हॉलमध्येच बसलेलो असतो. बाईंना घेरलंय हे दिसत असतं आणि उठून जाता येत नाही. घरी सिनेमा बघताना मी पॉज करून चहा टाकतो.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. नाव खुशाल एकच ठेवा, पण नावापुढे साल आणि प्रकार लिहायची सवय लावू या. कार्यक्रमपत्रिकेत, व्हॉट्सअॅपच्या निमंत्रणात, निवेदकाच्या तोंडी. लेखकाचं नाव तर हवंच. आणि "सिनेमा आहे ना" या कारणासाठी नाटक रद्द करू नये. आमचं नाटक वसंतरावांच्या पासंगाला पुरणार नाही हे आम्हाला ठाऊक आहे. पण त्या रात्री ते आमच्यासमोर घडेल, चुकेल, सावरेल.

पुढच्या बैठकीत मी माझं मत मागे घेतलं. थोडी थट्टा झाली, ती सोसली. परवानगीसाठी मेल गेली आहे. पत्रिकेचा मसुदा माझ्याकडे आहे, त्यात ठळक अक्षरांत 'नाटक, १९६७' आणि खाली दरव्हेकरांचं नाव आहे. बाबा दिवाळीला येतायत. लेकीने पडदा ओढायचं काम मागून घेतलंय. पेटीवाले मिळाले, तबलजी अजून मिळालेला नाही. रेडिंगच्या आसपास कुणी वाजवणारं असेल तर मंडळाकडे जरूर कळवा, तालमी शनिवारी असतात.