आईचा श्वास, लेकराचा श्वास

दिवाळीचा फराळ संपतो न संपतो, तोच बीड जिल्ह्यात तेलगावच्या आसपासचे ‘कोयते’, म्हणजे नवराबायकोच्या जोड्या, ऊसतोडीला निघतात. यातल्या बायकांची एक गोष्ट आपल्या घरातल्या स्त्रियांनीही ऐकावी.

२०१९ साली सरकारी समितीने जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी केली. १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. ‘पण श्वासाचा यात काय संबंध?’ असे तुम्ही विचाराल. पिशवीबरोबर बीजकोशही काढले, तर स्त्रीचे अंतःस्राव एकाएकी आटतात. आणि हे स्राव फुप्फुसांशीही निगडित आहेत. युरोपात सुमारे वीस वर्षे चाललेल्या पाहणीत, पाळी थांबल्यावर फुप्फुसांची शक्ती अधिक वेगाने उतरते, असे दिसले. मग ती ऐन तिशीतच थांबली तर?

शिवाय फडावरच्या कोपीत चूल पेटते. तो धूर गर्भारणीच्या छातीत जातो, तसाच पोटातल्या बाळाच्या वाढत्या फुप्फुसांनाही भोवतो. एका पिढीचा ठसका दुसरीला लागतो, तो असा!

म्हणून भगिनींनो, ‘पिशवी काढून टाका’ असे कोणी सहज म्हटले, तर आधी दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्या. बीजकोश राखता येतील का, हेही विचारा. आणि घरी कामाला येणाऱ्या बाईलाही हे सांगा.